बॉनेट वर टिकत नाही: दांडा दुरुस्त करावा की गॅस स्ट्रट बसवावेत?

लहान आणि मध्यम आकाराच्या मोटारींच्या मालकांची एक तक्रार वर्षानुवर्षे तशीच चालत आली आहे. बॉनेट उघडून त्याला दांडा लावावा, इंजिन ऑइल पाहण्यासाठी किंवा वॉशरचे पाणी भरण्यासाठी खाली वाकावे, आणि कोपराचा जरासा धक्का लागताच किंवा वाऱ्याचा झोत येताच दांडा खाचेतून निसटून बॉनेट थेट मानेवर किंवा हातावर यावे. यावर हल्ली सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे डिकीला असतात तसे गॅस स्ट्रट, म्हणजे गॅरेजमध्ये ज्यांना सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जाते ते, बॉनेटलाही बसवून घेणे. हा उपाय चुकीचा मुळीच नाही. मात्र तो केल्यानंतर काही महिन्यांत ‘सकाळी बॉनेट आपोआप खाली येते’, ‘एका बाजूची फट वाढली’, ‘बंद करताना पत्रा दबला’ अशा नव्या तक्रारी सुरू होतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ स्ट्रट निवडताना टाळलेल्या दोन-तीन साध्या मोजमापांत सापडते. म्हणून स्ट्रट बसवायचे की नाही, हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा आणि बसवलेले असल्यास बिघाड कसा शोधावा, याचा येथे विचार केला आहे.

आधी दांडा तपासावा

स्विफ्ट, वॅगनआर यांसारख्या गाड्यांमध्ये बॉनेटला आधार देणारा पोलादी दांडा खालच्या टोकाला रेडिएटरजवळच्या आडव्या पट्टीत प्लास्टिकच्या बुशमध्ये फिरतो आणि त्याचे वरचे वाकवलेले टोक बॉनेटच्या आतल्या पत्र्यातील खाचेत अडकते. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. खालचे बुश इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकते, वरच्या टोकावरील रबरी टोपी गळून पडते, किंवा खाचेची कड वारंवारच्या घर्षणाने झिजून गोल होते. बॉनेट दांड्यावर ठेवून त्याची पुढची कड दोन बोटांनी डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिली आणि दांड्याचे वरचे टोक खाचेत उचलले जाताना दिसले, तर दोष कोठे आहे हे तेथेच कळते. खाचेच्या एकाच बाजूचा रंग उडून पत्रा चकाकत असेल, तर टोक बराच काळ वाकडे बसत आले आहे असे समजावे.

आणखी एक कारण इतके साधे आहे की ते सांगताना संकोच वाटतो, पण ते वारंवार आढळते. बॉनेटच्या आतल्या चौकटीला अनेक भोके असतात. काही क्लिपांसाठी, काही पाणी निथळण्यासाठी, तर काही केवळ वजन कमी करण्यासाठी. दांड्यासाठी त्यांतील एकच खाच केलेली असते, तिच्याजवळ बहुधा बाणाची खूण असते, आणि अनेक गाड्यांत तिचा एक भाग रुंद व दुसरा अरुंद असतो. टोक रुंद भागातून आत घालून अरुंद भागात सरकवायचे असते. ते रुंद भागातच राहिले, तर बॉनेट उभे राहते खरे, पण पहिल्या धक्क्यापर्यंतच. गाडी वॉशिंगला दिल्यानंतर किंवा सर्व्हिसिंगहून आल्यानंतरच ही तक्रार सुरू झाली असेल, तर आधी टोक योग्य खाचेच्या अरुंद भागात बसवले जाते का हे पाहावे.

तक्रार केवळ निसटण्याचीच असेल, तर नवे बुश आणि टोपी यांवर प्रश्न संपतो, आणि त्यासाठी स्ट्रटचा संच विकत घेणे अनाठायी आहे. दांडा तापतो ही तक्रार असेल, तर तो जेथे धरला जातो तेथे फोमची किंवा प्लास्टिकची नळी असणे अपेक्षित आहे. ती निघून गेली असल्यास दुसरी बसवता येते. माझ्या मते स्ट्रट बसवण्याची खरी कारणे दोनच आहेत. पहिले कारण असे, की बॉनेट जड आहे आणि ते एका हाताने तोलून धरत दुसऱ्या हाताने दांडा शोधणे गाडी वापरणाऱ्याला उंचीमुळे, वयामुळे किंवा खांद्याच्या दुखण्यामुळे जमत नाही. दुसरे असे, की बॉनेट वारंवार उघडावे लागते आणि बॅटरी किंवा डिपस्टिक यांच्या वाटेत दांडा आडवा येतो. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगपुरतेच बॉनेट उघडणाऱ्याला स्ट्रटचा उपयोग थोडा आणि त्याची काळजी कायमची, असा व्यवहार होतो.

स्ट्रटच्या आत काय असते

अनेक ठिकाणी या भागाला ‘हायड्रॉलिक’ म्हणून विकले जाते, परंतु त्यातील तेल बॉनेटचे वजन पेलत नाही. ते वजन पेलतो तो बंद नळीत उच्च दाबाने भरलेला नायट्रोजन. तेल थोडेसेच असते; ते नळीच्या तोंडाशी वायू अडवणाऱ्या सीलला ओले ठेवते आणि नळीत आत-बाहेर सरकणारी दांडी पूर्ण बाहेर येताना शेवटच्या टप्प्यात तिचा वेग कमी करते. आतल्या पिस्टनला बारीक छिद्र असल्याने वायू त्याच्या दोन्ही बाजूंना समान दाबाने असतो, आणि बाहेर ढकलणारे बल दांडीच्या जाडीइतक्या क्षेत्रफळावरच निर्माण होते. ८ मिलिमीटर व्यासाच्या दांडीचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर भरते; म्हणजे ३५० न्यूटन बल देणाऱ्या स्ट्रटमध्ये सुमारे ७० बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण सव्वादोन बार असतो, हे ध्यानात घेतले की अशा नळीला ड्रिल किंवा ग्राइंडर का लावायचे नसते ते वेगळे सांगावे लागत नाही.

हे बल नळीवर छापलेले असते, आणि स्ट्रट विकत घेताना पाहायचा सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच. नामांकित उत्पादकांच्या नळीवर भाग क्रमांकाच्या शेजारी न्यूटनमधील आकडा आणि न उघडण्याविषयीची सूचना असते. ज्या संचावर केवळ गाडीचे नाव लिहिलेले आहे आणि बलाचा आकडा कोठेच नाही, तो कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये, कारण पुढे तो बिघडला तर त्याच्या जागी नेमके काय बसवायचे हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

छापलेला आकडा साधारणपणे २० अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो आणि दर १० अंशांमागे बल सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी-जास्त होते. जानेवारीत निफाड परिसरात पारा ५ अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात तो ४५ अंशांपर्यंत चढतो. एकाच स्ट्रटचे बल या दोन टोकांत सुमारे १४ टक्क्यांनी बदलते, शिवाय चालून आलेल्या गाडीच्या इंजिनची उष्णता त्यात वेगळी. ‘दुपारी ठीक असते, सकाळी पडते’ या तक्रारीचा उलगडा येथेच होतो. अशा स्ट्रटमध्ये बिघाड असेलच असे नाही. तो मुळातच काठावरचा निवडलेला असू शकतो.

किती न्यूटनचा स्ट्रट लागेल

दुकानदार गाडीचे नाव विचारून संच काढून देतो, आणि त्या गाडीसाठी तो खरोखर मोजून बनवला असेल तर उत्तमच. परंतु एकाच नावाच्या गाडीची बॉनेटे वर्षागणिक बदलतात, काहींना आतून जाड इन्सुलेशन असते, काहींचे बॉनेट अपघातानंतर बदललेले किंवा पुट्टी भरून सरळ केलेले असते. म्हणून बॉनेटचा भार स्वतः मोजावा. त्यासाठी प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा काटा, मापनपट्टी, थोडी सुतळी आणि तिला बांधायला एखादा नट एवढे साहित्य पुरते.

बॉनेटच्या पुढच्या कडेला मधोमध लॉकमध्ये अडकणारी कडी असते. काट्याचा हुक तिच्यात अडकवून बॉनेट सरळ वर उचलावे आणि कड चार-पाच सेंटिमीटर वर आली की आकडा वाचावा. शेजारी दुसऱ्या माणसाने बॉनेटखाली हात धरून उभे राहावे. समजा, काट्यावर साडेसहा किलो आले. आता बॉनेट नेहमीप्रमाणे दांड्यावर पूर्ण उघडे ठेवावे, त्याच कडीतून नट बांधलेली सुतळी ओळंब्यासारखी खाली सोडावी, आणि त्या सुतळीपासून बिजागरीच्या खिळीपर्यंतचे आडवे अंतर मोजावे. ते ६१ सेंटिमीटर आले, तर उघड्या स्थितीत बॉनेटला खाली ओढणारा टॉर्क, म्हणजे बिजागरीभोवती फिरवणारा जोर, ६.५ गुणिले ९.८१ गुणिले ०.६१, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन-मीटर झाला. बॉनेटचे एकूण वजन किंवा त्याचा गुरुत्वमध्य शोधत बसण्याची गरज पडत नाही, कारण काट्याच्या आकड्यात दोन्ही आधीच आलेले असतात.

दुसरे मोजमाप स्ट्रटचे. त्याची दोन्ही टोके जेथे बसणार आहेत त्या दोन बिंदूंदरम्यान, बॉनेट उघडे असताना, सुतळी ताणून धरावी आणि बिजागरीच्या खिळीपासून त्या सुतळीपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजावे. ते १६ सेंटिमीटर असेल, तर दोन्ही स्ट्रट मिळून ३९ भागिले ०.१६, म्हणजे सुमारे २४४ न्यूटन, अर्थात प्रत्येकी १२२ न्यूटन बल बॉनेट केवळ तोलून धरण्यास लागेल. त्यावर २० ते २५ टक्के राखीव बल धरले की १५० न्यूटनचा स्ट्रट योग्य ठरतो.

आता याच गाडीला १२५ न्यूटनचा स्ट्रट बसवला तर काय होईल, हे पाहू. २० अंशांना त्याची जोडी ४० न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणून बसवताना बॉनेट उभे राहते आणि सर्व जण समाधानाने घरी जातात. ५ अंशांना तोच टॉर्क ३८ वर येतो, आणि ३९ पेलण्यास तो अपुरा असल्याने बॉनेट हळूहळू खाली सरकू लागते. पुढच्या वर्षी सीलमधून थोडा वायू गेला की ते कोणत्याही ऋतूत टिकत नाही.

उलट, ‘जास्त ताकदीचा घेतला की काळजी नको’ म्हणून ३०० न्यूटनची जोडी बसवली, तर उघड्या स्थितीत ती ९६ न्यूटन-मीटर टॉर्क देते. बॉनेटला हवे असतात ३९. उरलेले ५७ बॉनेट बंद करणाऱ्याला हाताने दाबून मोडावे लागतात. बिजागरीपासून कड ९५ सेंटिमीटर दूर असेल, तर त्यासाठी कडेवर सहा किलोंचा दाब लागतो, आणि १५० न्यूटनच्या जोडीला तो केवळ एक किलो लागतो. बॉनेटचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. दाबण्यासाठी तळहात कडेऐवजी मधोमध ठेवला गेला की त्यावर खोलगट खूण उमटते, आणि ती काढण्यासाठी डेंटरकडे जावे लागते. अती बलाचा दुसरा परिणाम सावकाश दिसतो: बॉनेट बंद करताना स्ट्रट मागच्या भागाला वर रेटत असतो आणि हात पुढच्या कडेला खाली दाबत असतो, त्यामुळे बॉनेट मधोमध किंचित कमानदार होत जाते आणि मागच्या कोपऱ्यांजवळची फट वाढते.

लांबीही बलाइतकीच महत्त्वाची आहे. पूर्ण ताणलेला स्ट्रट लांब असेल, तर बॉनेट प्रमाणाबाहेर उघडून त्याची मागची कड काचेखालच्या प्लास्टिकच्या जाळीला किंवा वायपरला टेकते. पूर्ण दाबलेला स्ट्रट जागेपेक्षा लांब असेल, तर बॉनेट बंद होण्याआधीच दांडी नळीत तळाला टेकते, आणि तरीही बॉनेट दाबले की ब्रॅकेट वाकतो किंवा पत्रा फुगतो. बंद स्थितीत दांडीला आत जाण्यासाठी किमान १० मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे.

ब्रॅकेट कोठे बसतो

चांगल्या संचात ब्रॅकेट गाडीच्या मूळ बोल्टांवरच बसतात, म्हणजे खाली फेंडरच्या कडेच्या बोल्टवर आणि वर बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर. ज्या संचासाठी पत्र्याला नवे भोक पाडावे लागते तो मी सुचवणार नाही. भोकाच्या कडेचा रंग आणि गंजरोधक थर निघून जातो, कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसात तेथून गंज धरतो, आणि गाडी वॉरंटीत असेल तर पत्र्याच्या गंजाविषयीच्या दाव्याला तेथेच अडथळा येऊ शकतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलात यामुळे काही बदल होत नसल्याने मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न सहसा उद्भवत नाही; वॉरंटीच्या अटी मात्र पुस्तिकेत वाचून मगच पाना हाती घ्यावा.

बसवताना फेंडरचा एका वेळी एकच बोल्ट काढावा, कारण सगळे सैल केले की फेंडर मिलिमीटरभर सरकतो आणि दरवाजाजवळची फट बिघडते. ब्रॅकेट बोल्टच्या डोक्याखाली, फेंडरच्या पत्र्याच्या वर बसला पाहिजे. तो पत्र्याखाली सरकवला तर फेंडर ब्रॅकेटच्या जाडीइतका वर उचलला जातो. बिजागरीच्या बोल्टला हात लावण्यापूर्वी बिजागरीची बाह्यरेषा बारीक मार्करने आखून घ्यावी, म्हणजे बॉनेट पुन्हा त्याच जागी आणता येते. एम-६ आकाराच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा कस पुरेसा असतो. अंगात जोर आहे म्हणून लांब पान्याने पिळला तर पत्र्याला वेल्ड केलेला नट आत फिरू लागतो, आणि मग लहानसे काम फार मोठे होऊन बसते.

स्ट्रटची दोन्ही टोके बॉल-सॉकेटची असतात आणि नळी व दांडी बाजूला न वाकता एकाच रेषेत फिरली पाहिजेत. बॉनेट अर्धे असताना समोरून पाहिल्यावर स्ट्रट आत किंवा बाहेर झुकलेला दिसला, तर सीलवर एका बाजूने दाब येतो आणि चांगल्या प्रतीचा स्ट्रटही लवकर गळतो. तशा स्थितीत बॉलखाली वॉशर घालून रेषा जुळवावी. बॉनेट बंद असताना दांडी खालच्या दिशेला राहील अशी मांडणी ठेवावी, म्हणजे आतले तेल सीलवर टिकते.

जागेची शंका असेल तेथे कणकेचा गोळा कामी येतो. बॅटरीचे टर्मिनल, ब्रेक ऑइलची टाकी, वायरिंगची नळी, जेथे जेथे स्ट्रट जवळून जाईल असे वाटते तेथे मऊ कणकेचा लहान गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा आणि बॉनेट अगदी सावकाश खाली आणून पुन्हा उघडावे. गोळा चेपला असेल, तर किती जागा उरते ते त्याच्या जाडीवरून कळते. बॅटरीच्या धन टर्मिनलजवळून धातूचा स्ट्रट जात असेल, तर त्यावरचे प्लास्टिकचे झाकण जागेवर असल्याशिवाय काम पुढे नेऊ नये.

बसवलेले स्ट्रट त्रास देत असतील तर

बॉनेट खाली येत असेल, तर दोष स्ट्रटचा आहे की निवडीचा, हे घरच्या वजनकाट्यावर ठरवता येते. बॉनेट दांड्यावर किंवा मजबूत लाकडी टेकूवर ठेवून एक स्ट्रट काढावा. सॉकेटवरील स्प्रिंगची क्लिप चपट्या स्क्रू ड्रायव्हरने थोडीशीच उचलायची असते. ती पूर्ण ओढून काढली तर उडून इंजिनच्या खोबणीत हरवते. मग काट्यावर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर स्ट्रट दांडी खाली करून सरळ उभा धरावा आणि वरून सावकाश दाबावे. दांडी आत सरकू लागताना दिसणारा आकडा ९.८१ ने गुणला की बल न्यूटनमध्ये मिळते. १५० न्यूटनच्या स्ट्रटने काट्यावर १५ किलोंहून थोडे अधिक दाखवायला हवे, कारण दाबताना सीलचे घर्षणही त्यात मिळते. आकडा १२ किलोंवर आला असेल, तर वायू गेला आहे. आकडा छापल्याप्रमाणेच असूनही बॉनेट पडत असेल, तर स्ट्रट निर्दोष आहे आणि वरचा हिशेब पुन्हा करावा. दोन स्ट्रटांत मोठा फरक आढळला, तर एकच बदलून भागत नाही. कमजोर बाजूकडे बॉनेट पिळवटत राहते, म्हणून जोडी बदलावी.

एकच स्ट्रट असलेल्या संचांविषयीही हेच म्हणावे लागेल. काही गाड्यांना कारखान्यातूनच एक स्ट्रट असतो, पण तेथे बॉनेटची आतली चौकट त्या एकतर्फी बलासाठी आखलेली असते. दांड्यासाठी आखलेल्या बॉनेटला एका बाजूनेच रेटले, तर आज नाही तरी काही काळाने त्याचा एक कोपरा वर दिसू लागतो.

दांडीवर तेलाची ओली रेघ दिसत असेल, तर सील गेले आहे. त्याला दुरुस्ती नाही, आणि ‘गॅस पुन्हा भरून देतो’ असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. दांडीवर तांबूस ठिपके दिसत असतील, तर ते ठिपके प्रत्येक उघडझापीत सील खरवडतात, त्यामुळे गळती अजून सुरू झाली नसली तरी लवकरच होणार असे धरावे. रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर ही स्थिती घाटमाथ्यापेक्षा बरीच लवकर येते. दांडीला ग्रीस लावण्याची सवय पुष्कळांना असते. त्यावर धूळ बसून त्याचा सँडपेपर होतो, त्यामुळे दांडी मऊ कोरड्या कापडाने पुसणे एवढीच तिची निगा. इंजिन धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत सीलवर मारू देऊ नये, आणि फेंडर रंगवायचा असल्यास स्ट्रट आधी काढून ठेवावेत, कारण दांडीवर उडालेला रंगाचा फवारा सीलला गंजाइतकाच घातक असतो.

गाडी खराब रस्त्यावर असताना बॉनेटच्या मागच्या भागातून खडखड येत असेल, तर बॉलचा नट सैल झालेला असतो किंवा सॉकेटची क्लिप अर्धवट बसलेली असते. बॉनेट पुढून थरथरत असेल, तर स्ट्रटकडे न पाहता पुढच्या रबरी स्टॉपरांची उंची पाहावी.

सर्वांत गंभीर लक्षण वेगळे आहे आणि ते पुष्कळांना सोयीचे वाटते. आतून खटका ओढताच बॉनेट आपणहून उसळून सेफ्टी कॅचवर, म्हणजे मुख्य लॉक सुटल्यावरही बॉनेट अडवून धरणाऱ्या दुसऱ्या आकड्यावर, आदळत असेल, तर बंद स्थितीतही स्ट्रट त्याला वर रेटत आहेत. नीट आखलेल्या मांडणीत बंद बॉनेटजवळ स्ट्रटची रेषा बिजागरीच्या इतकी जवळून जाते, की बल कितीही असले तरी त्याचा टॉर्क क्षुल्लक उरतो. आपल्या उदाहरणात तो बॉनेटच्या स्वतःच्या भारापुढे पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तसे नसेल, तर मुख्य लॉक नीट न लागलेले बॉनेट हायवेवर केवळ सेफ्टी कॅचच्या भरवशावर राहते, आणि वारा व स्ट्रट दोघेही त्याला एकाच दिशेने ढकलतात. असे स्ट्रट त्याच दिवशी काढून ठेवावेत आणि ब्रॅकेटची जागा किंवा बल बदलल्याशिवाय पुन्हा लावू नयेत.

कोणी बसवू नयेत, आणि दांड्याचे काय करावे

ज्या गाड्यांत पादचाऱ्याला धडक बसताच बॉनेटची मागची बाजू क्षणात वर उचलणारी यंत्रणा आहे, तेथे बिजागरीजवळ बाहेरचा कोणताही भाग जोडू नये. ॲल्युमिनियमचे बॉनेट वजनाला हलके असते, त्यामुळे त्याला स्ट्रटची गरजच कमी; शिवाय बाजारातील सरसकट संचाचे बल त्याला झेपत नाही आणि पोलादी ब्रॅकेट लागतो तेथे गंज धरतो. बिजागरीत आधीच ढिलेपणा असेल, बॉनेटच्या आतल्या चौकटीची शिवण सुटलेली असेल किंवा मागच्या कडेला गंज असेल, तर ती दुरुस्ती आधी करावी. स्ट्रट नेमका त्याच भागावर ताण आणतो, त्यामुळे बाकीचे बॉनेट कितीही चकचकीत असले तरी त्याचा उपयोग नाही.

स्ट्रट बसवल्यावर दांडा काढून टाकण्याची पद्धत मला पटत नाही. संच बसवणारे कित्येकदा तो ‘आता कशाला’ म्हणून काढून देतात, आणि दिसायलाही जागा मोकळी वाटते. परंतु दांडा वायूवर चालत नाही, थंडीने कमजोर होत नाही आणि त्याचे सील जात नाही. आपल्या उदाहरणातील जोडीकडे तोल सांभाळून जेमतेम एक किलोभर राखीव जोर उरतो. आंबा घाटात किंवा समुद्रकिनारी मागून आलेला वाऱ्याचा झोत सुमारे चौरस मीटरभर पसरलेल्या पत्र्यावर त्याहून कितीतरी अधिक बल लावतो. बेल्ट बदलणे, बॅटरी काढणे अशा ज्या कामात डोके आणि दोन्ही हात बॉनेटखाली बराच वेळ राहणार आहेत, तेथे स्ट्रट असूनही दांडा लावावा. नव्या स्ट्रटमुळे बॉनेट थोडे अधिक उघडत असेल आणि दांडा खाचेपर्यंत पोहोचत नसेल, तर स्ट्रटची लांबी चुकली आहे असे समजून तो बदलून घ्यावा.

स्ट्रट बदलताना दांडा लावूनच एका वेळी एक बाजू करावी. निकामी झालेल्या स्ट्रटमध्येही बराच दाब शिल्लक असू शकतो, म्हणून तो कचऱ्याबरोबर पेटवू नये, कापू नये आणि भंगारात सुटा टाकू नये. गॅरेजमध्ये किंवा भंगारवाल्याकडे देताना त्यात दाबाचा वायू आहे हे तोंडी सांगावे आणि नळीवर मार्करने ठळक लिहूनही द्यावे, कारण पुढे गॅस कटर हाती घेणारा माणूस दुसराच असतो.